पातळ काडीचा चष्मा

माझ्या सासूबाईंना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, चष्मा राहतो. इथे परदेशात, आमच्या अल्फारेटा गावात, कुणाच्या घरी सत्यनारायणाला गेलो आणि चार बायकांशी ओळख झाली, की परत येताना गाडीत त्या मला सांगणार, "ती मरून साडीवाली नाही का गं, तिचं उजवं भिंग दोन मिलिमीटर खाली बसवलंय. डोकं दुखत असेल बिचारीचं." बाईचं नाव विचारलं तर ठाऊक नसायचं. मला सुरुवातीला या सवयीचा फार राग यायचा. लोक आपल्याकडे बघतात तेव्हा ते आपल्या डोळ्यांत बघतात अशी आपली समजूत असते, आणि या बाई काचेवर थांबलेल्या असायच्या.

नाव सुहासिनी. नागपूरला सीताबर्डीवर माझ्या सासऱ्यांचं, शशिकांतरावांचं, चष्म्यांचं दुकान होतं. पुढे काउंटरवर ते गोड बोलून डोळे तपासायचे आणि मागच्या खोलीत सासूबाई फिरत्या दगडावर काच घासून फ्रेममध्ये बसवायच्या. सत्तावीस वर्षं. आपला चष्मा बाईमाणसाने घासलाय हे निम्म्या गिऱ्हाइकांना माहीतही नसायचं. त्यांच्या बोटांवर अजून बारीक पांढरे चरे आहेत. सासरे गेले, दुकान माझ्या दिरांकडे गेलं, आणि २००६ साली यतीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आईला इकडे आणलं. मला वाटलं, आता या दिवसभर सीरियल बघणार आणि माझ्या फोडणीत खोट काढणार. पण चार महिन्यांत त्यांनी मॉलमधल्या एका चष्म्याच्या लॅबमध्ये अर्धवेळ नोकरी मिळवली. इंग्लिश बेताचंच होतं, पण नंबराची चिठ्ठी त्यांना कुठल्याही देशात वाचता येते. पहिल्या दिवशी घरी आल्या त्या हिरमुसून. "इथे काच नाहीच गं," म्हणाल्या, "सगळं प्लास्टिक." मग हळूहळू त्यांना ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आवडायला लागलं. त्यावर हातोडी मारली तरी चीर जात नाही, हे त्यांनी माझ्या ओट्यावर मला करून दाखवलं होतं. ओट्याच्या ग्रॅनाइटचा टवका उडाला तो वेगळाच.

एका गोष्टीबद्दल मात्र त्या कधी बोलायच्या नाहीत. यतीनचा डावा डोळा जन्मापासून आळशी आहे. लहानपणी वेळेत कळलं, की चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतात आणि आळशी डोळ्याला कामाला लावतात. यतीनचं कळलं तो नऊ वर्षांचा असताना, शाळेत आलेल्या डॉक्टरांना. दुकानात रोज पन्नास माणसांचे डोळे तपासले जात होते आणि घरातल्या पोराचे कुणी तपासले नव्हते. मग दोन वर्षं पट्टी बांधली, पोरांनी चिडवून चिडवून त्याला हैराण केलं, आणि अकराव्या वर्षी त्याने पट्टी नाल्यात फेकून दिली. डोळा सुधारला नाही. हे सगळं मला माझ्या नणंदेने सांगितलं. यतीनने लग्नाआधी फक्त "डावा जरा वीक आहे" एवढंच सांगितलं होतं, आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. गाडी चालवतो, कोड लिहितो, टेनिस बरं खेळतो. जरा वीक म्हणजे जरा वीक.

आता बंदुकीचं. व्हिसावर असेपर्यंत बंदुकीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्यांच्या मनात पक्कं. यतीन सिटिझन झाला आणि वर्षभरात त्याचा बॉस, डग, त्याला उत्तरेकडच्या एका क्लबवर घेऊन गेला. तिथे मातीच्या बश्या यंत्रातून हवेत उडवतात आणि शॉटगनने फोडतात. घरी आला तो लग्नात नाचून आल्यासारखा. फक्त दोन दिवस त्याच्या कानात शिट्टी वाजत होती. क्लबवर कानात घालायचे फोमचे बोळे दिले होते, ते याने नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले होते. शिट्टीने मात्र तो घाबरला. त्याची निम्मी नोकरी पुण्याच्या टीमशी कॉन्फरन्स कॉलवर चालते. कान गेले तर काय, म्हणून तीन आठवडे रोज जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून हेडफोनसारखे मोठे इअरमफ शोधत बसायचा. एक्सेलमध्ये तक्ता केला. कुठला मफ किती डेसिबल कमी करतो, वजन किती, कानाभोवतीची गादी कसली, कुणी काय रिव्ह्यू लिहिलाय. एवढा अभ्यास त्याने मला पसंत करताना केला नव्हता, असं मी त्याला म्हटलंही.

मार्च २००८ मधला तो शनिवार. यतीन आठलाच निघून गेला होता. त्या दिवशी ऑफिसच्या टीमची स्पर्धा होती. साडेनऊला मी पोहे परतत होते आणि सासूबाई वरून जिना उतरल्या. त्यांच्या एका हातात यतीनचा रोजचा चष्मा होता आणि दुसऱ्या हातात त्याच्या तक्त्याचा छापील कागद.

"हा इथे कसा?" त्यांनी विचारलं.

"विसरला असेल."

"चष्मा विसरून माणूस फाटकापर्यंत तरी जाईल का गं? दुसरा घालून गेलाय तो." मग त्यांनी कागद माझ्या नाकासमोर धरला. "हे काय लिहिलंय, वाच."

मी वाचलं. शेवटच्या ओळींत यतीनने लिहिलं होतं, की चष्म्याच्या जाड काडीमुळे मफची गादी कानाभोवती नीट बसत नाही, फट राहते आणि आवाज आत येतो. पुढे कंसात: जुनी वायर फ्रेम वापरणे. त्याच्या खाली डोळ्यांसाठी एकच ओळ होती. "आइज: चष्मा आहेच."

मी म्हटलं, "बरोबर आहे की. पातळ काडी, म्हणजे फट कमी."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. त्यांचा रंग उतरलेला मला दिसला, आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिलं हेच आलं, की झालं, आता शनिवारचं नाटक सुरू.

"तो तुमच्या लग्नातला चष्मा आहे," त्या म्हणाल्या. "फोटोत भिंग जाड दिसायला नको म्हणून मी स्वतः घासला होता. काच आहे ती, आश्लेषा. साधी काच. पातळ घासलेली, वर कडक करायला भट्टीही न दिलेली. समोरून बशीचा तुकडा आला, एखादा छर्रा उलटून आला, तर ती फुटणार आणि आत जाणार. हा रोजचा, प्लास्टिकचा असता तर मी एक शब्द बोलले नसते."

"पण आई, एवढं काही..."

"उजव्या डोळ्यानेच नेम धरतो ना तो?"

मी गॅस बंद केला.

फोन लावला. व्हॉइसमेल. पुन्हा लावला, व्हॉइसमेल. तीन आठवडे संशोधन करून घेतलेले मफ होते ते, फोन कसला ऐकू येतोय. क्लबचा नंबर माझ्याकडे नव्हता आणि रस्ता छापलेला कागद यतीनच्या गाडीत होता. त्याच्या ईमेलचा पासवर्ड मला माहीत होता म्हणून बरं. पत्ता शोधला, रस्ता काढायला मॅपक्वेस्ट उघडलं, प्रिंट दिली आणि प्रिंटरमधली शाई संपली. मी पोह्यांच्या पाकिटाच्या मागे हाताने लिहून काढलं. कपाटात यतीनच्या कंपनीने वाटलेली दोन एकसारखी निळी जॅकेटं लटकत होती, ती दोघींनी चढवली. सासूबाई इकडे आल्यापासून पँट घालतात, त्यामुळे त्यांना साडी आवरायला वेळ लागला नाही. रोजचा चष्मा त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

चारशे नंबरच्या रस्त्याने उत्तरेला पाऊण तास. मी ताशी पंच्याऐंशी मैलांनी गाडी मारत होते आणि कुठल्याही क्षणी मागे पोलिसांचे निळे दिवे लागतील म्हणून सारखी आरशात बघत होते. सासूबाई दर पाच मिनिटांनी फोन लावायच्या, कानाला धरायच्या, बंद करायच्या. त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही. मी मध्येच म्हटलं, "डावा डोळा थोडा तरी कामाचा आहे ना त्याचा?" त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "त्याला विचार." मग माझं एक वळण चुकलं. दहा मिनिटं गेली. मी स्टीअरिंगवर हात आपटला आणि मराठीत जेवढं घाण बोलता येतं तेवढं सासूसमोर बोलले. त्यांनी पुन्हा फोन लावला.

क्लबच्या गेटपासूनच आवाज यायला लागला. मी सिनेमात ऐकलेला आवाज तो नव्हता. छातीत बसत होता. दर आवाजाला सासूबाईंचा खांदा उडत होता.

काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, की पिवळ्या दोरीच्या पुढे कान आणि डोळे झाकल्याशिवाय कुणालाही सोडत नाहीत, बघ्यांनाही नाही. तिने एक टोपली पुढे सरकवली. त्यात उसने द्यायचे प्लास्टिकचे चष्मे होते आणि शेजारी बरणीत फोमचे केशरी बोळे. मी हाताला लागला तो चष्मा घातला. सासूबाईंनी तो माझ्या नाकावरून काढून घेतला, उजेडाकडे धरला, ओरखडे बघितले, बाजूला टाकला. दुसरा घेतला, काडीवर आत कोरलेला मजबुतीचा शिक्का बघितला, बाजूने वारा येतो का ते बोट घालून बघितलं, टाकला.

"आई, कुठलाही घाला ना!" मी ओरडले.

"कुठलाही घालूनच तर तो उभा आहे तिथे," त्या म्हणाल्या आणि तिसरा माझ्या डोळ्यांवर चढवला. मग बोळा दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक केला, माझा कान वर आणि मागे ओढला, बोळा आत सारला आणि तो फुगेपर्यंत बोट दाबून धरलं. दुसऱ्या कानाचंही तसंच, मग स्वतःचेही डोळे-कान त्यांनी तसेच झाकले. जग एकदम लांब गेलं. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता.

मैदानात पाच जण एका ओळीत उभे होते आणि आळीपाळीने एकेक गोळी झाडत होते. यतीन मधला. पाठ आमच्याकडे. कानांवर काळे मफ, आणि मफखाली शिरलेली सोनेरी, दोऱ्याएवढी पातळ काडी. लग्नाच्या अल्बममध्ये तीच काडी आहे. मी "यतीन!" म्हणून हाक मारली आणि ती मलाच धड ऐकू आली नाही. तिथे उभ्या असलेल्या कुणालाच कुणाची हाक ऐकू येणार नव्हती.

मी पुढे धावणार तेवढ्यात मैदानावर देखरेख करणाऱ्या एका म्हाताऱ्या गोऱ्याने माझा दंड पकडला. त्याच्या छातीवर हॉलिस असं नाव होतं. नेमबाजाच्या मागून कुणीही जायचं नाही, हातात भरलेली बंदूक आहे, दचकून वळला तर काय होईल, असं त्याने अगदी कानाशी येऊन सांगितलं. प्रत्येकाचे आठ-आठ शॉट राहिलेत, राउंड संपली की बोला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

मग आम्ही उभ्या राहिलो. पहिला माणूस ओरडला, बशी उडाली, धाड. दुसरा. मग यतीन. त्याचा गाल बंदुकीच्या दांड्यावर टेकला, उजवा डोळा नळीच्या रेषेत आला, केशरी बशी झाडांवरून निघाली आणि हवेतच तिची पूड झाली. वारा आमच्याकडे होता. बारीक तुकडे गवतावर पडलेले मला दिसले. सासूबाईंनी बोटाच्या पेरावर एक मोजला. चौथा, पाचवा, पुन्हा पहिला. यतीनचा दुसरा. त्याची बशी हुकली. शेजारच्या डगच्या बंदुकीतून रिकामं काडतूस उडून यतीनच्या खांद्याला लागलं आणि खाली पडलं. खांद्याला. वीतभर वर लागलं असतं तर? आता मला नाटक वाटत नव्हतं. मला त्याच्या अंगावर झेप घ्यावीशी वाटत होती. तिसरा. सासूबाईंचं बोट तिसऱ्या पेरावर थांबलं, आणि पुढे सरकलं नाही.

सासूबाई हॉलिससमोर जाऊन उभ्या राहिल्या. जेमतेम त्याच्या खिशाएवढी उंची. कानातला एक बोळा काढला आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही असा आवाज काढला.

"सर, माय सन हॅज वन आय. ओन्ली वन. अँड ऑन दॅट आय, ग्लास. रिअल ग्लास. आय मेड इट."

हॉलिसने त्यांच्याकडे बघितलं, यतीनकडे बघितलं, आणि गळ्यातली शिट्टी जोरात फुंकून हात वर केला. पाचही बंदुका उघडून खाली आल्या. मफ निघाले, मीही कानातले बोळे काढले. पाच चेहरे आमच्याकडे वळले आणि सासूबाई तशाच आवाजात पुन्हा एकदा बोलल्या, कारण थांबायचं कुठे हे त्यांना कळत नव्हतं. "वन आय, सर. लेफ्ट इज नो गुड. सिन्स चाइल्डहूड."

डगने यतीनकडे बघितलं. बघितलं म्हणजे कसं, तर आधी एका डोळ्यात आणि मग दुसऱ्या डोळ्यात. यतीनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

हॉलिस मात्र चांगला माणूस. तो म्हणाला, अरे, एवढंच होतं तर आत फोम घाल आणि वरून मफ लाव. मग काडी जाड असली तरी काय फरक पडतो? इथे सगळे तेच करतात. तीन आठवड्यांच्या तक्त्यात हे नव्हतं. सासूबाईंनी रुमाल सोडून रोजचा चष्मा पुढे केला. यतीनने तो घेतला नाही. बंदूक डगच्या हातात दिली आणि आमच्याकडे न बघता पार्किंगकडे चालू लागला. आम्ही मागे धावलो.

त्याच्या गाडीजवळ तो थांबला. "झालं समाधान? बॉससमोर? माझ्या टीमसमोर? चौदा वर्षं या देशात काढली, कुणालाही कळू दिलं नव्हतं मी. दोन मिनिटांत सगळं उघड केलंस. यू हॅड नो राइट, आई!"

"नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

"आणि काय होणार होतं एवढं? हजारात एखाद्याला काहीतरी लागतं. नऊ वर्षं मी तुझ्या समोर वाढत होतो, तेव्हा तुला दिसलं नाही आणि आज दिसलं?"

मला वाटलं, आता या रडतील. मी त्यांच्या जागी असते तर त्याच्या थोबाडीत दिली असती. त्या म्हणाल्या, "तेव्हा नाही दिसलं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू चष्मा बदल."

"अगं, झालंच असतं काही, तरी डावा आहे की मला! आंधळा नाहीये मी!"

"मग झाक उजवा."

"काय?"

"चष्मा असू दे. उजव्यावर हात ठेव."

मैदानात राउंड पुन्हा सुरू झाली होती. धाड, धाड. तो रागानेच उभा राहिला, पाठ आपल्या गाडीला टेकवली आणि उजव्या डोळ्यावर तळवा दाबला. सासूबाई खडीतून मागे मागे गेल्या, पंधराएक पावलं, आमच्या गाडीपर्यंत. हात वर केला. तीन बोटं.

"किती?"

त्यांनी पाच पावलं पुढे येऊन विचारलं, "किती?" तो ओठ चावत होता. आणखी पुढे आल्या. "यतीन, किती बोटं?" त्याची नजर त्यांच्या हाताच्या बाजूने गेली. बोटं कुठे आहेत तेच त्याला सापडत नव्हतं. सासूबाई खडीतच खाली बसायला लागल्या, तशी मी जाऊन त्यांना धरलं, मागे आमच्या गाडीपर्यंत नेलं आणि उघड्या दारातून सीटवर बसवलं. मग पुढे आले आणि त्या उभ्या होत्या तिथे उभी राहिले, त्याला म्हणायला, की बस झालं रे, हात काढ.

पण मी बोलायच्या आधी तो बोलला. त्याने अजून तळवा काढला नव्हता. डावा डोळा पूर्ण उघडा होता आणि सरळ माझ्याकडे लागला होता. मी त्याच्यापासून चार हातांवर होते. माझे दोन्ही हात खिशात होते.

"पुरे कर आता, आई," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "तीन आहेत, असं समज. हात खाली घे."

मी त्याच्याकडे बघून मान हलवली. त्याला कळलं नाही.

"आई?" त्याने मला पुन्हा विचारलं.

मग त्याने तळवा खाली घेतला आणि समोर मी उभी आहे हे बघितलं.